वरच्या थरातले पाच

मी सातवीत असताना आमच्या वस्तीतल्या बायांना लेबर नाक्यावरून उचलणं बंद झालं. नाका म्हणजे चौकातला एक कोपरा. सकाळी तिथं मजूर डबे घेऊन उभे राहायचे, मुकादम टेम्पो घेऊन यायचा आणि बोटानं दाखवून माणसं भरायचा. आई तिथं कित्येक वर्षं उभी राहिली होती. ज्या मुकादमाकडं ती घमेली उचलायला जायची, त्याच्याकडं एकदा आमच्या वस्तीतली एक नवी बाई गेली आणि स्लॅब अर्धाच ओतून झालेला असताना दुपारी घरी निघून आली. तिचं लेकरू तापानं फणफणलं होतं. मुकादमानं लेकराचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, त्या वस्तीतल्या बाया अर्ध्यात पळतात, आणि त्याचं बोट दुसरीकडं वळलं. मुकादम आपसात बोलतात. थोड्याच दिवसांत बाकीच्यांचीही बोटं वळली.

आईनं त्याला विचारून पाहिलं, मी कधी अर्ध्यातून आले का? तो म्हणाला, "तुझं नाय बोलत मी बाई. तुमच्या वस्तीचं बोलतोय."

माझे वडील, अप्पा, तोवर मोंढ्यातली हमाली सोडून घरी बसले होते. पोती वाहून मणका गेला होता. त्या वर्षी आमच्या घरात काय शिजलं ते मी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं फार शिजलं नाही. एका बाईच्या एका दुपारवरून सगळ्या वस्तीचं माप काढलं गेलं. माप खोटं आहे हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. ते खोटं का आहे, हे मुकादमाला पटेल असं मांडणं कुणालाच जमत नव्हतं.

पुढं आई एका ठेकेदाराच्या हाताखाली वाळूजकडच्या एका कंपनीत लागली. तिथं रबराचे सील बनतात. गाडीच्या इंजिनातलं तेल बाहेर गळू नये म्हणून जी रबराची कडी बसवतात, ती. आई तपासणीच्या टेबलावर होती. कडी उचलायची, ट्यूबलाइटखाली धरायची, बोटांनी वाकवायची, चीर किंवा बुडबुडा दिसला तर बाजूला टाकायची, नाहीतर क्रेटमध्ये. तिच्यासोबत टेबलावर आणखी बाया होत्या, बऱ्याचशा आमच्याच वस्तीतल्या.

मी शिकले. बी.एस्सी. केलं, संख्याशास्त्र घेऊन. वस्तीतल्या विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका होती, तिथल्या पंख्याखाली तीन वर्षं काढली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीसुद्धा झालं नव्हतं. हे मी मिरवायलाच सांगते, लपवायचं कशाला. अप्पांना मात्र माझा विषय कधी पटला नाही. विद्यापीठाच्या कागदावर आता छत्रपती संभाजीनगर छापून येतं, अप्पा औरंगाबादच म्हणतात. तसंच माझ्या विषयाला ते अजून 'अंदाजाचं गणित' म्हणतात. "अंदाजच करायचा तर कालिजात कशाला जायचं? आमी मोंढ्यात फुकट करीत होतो," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. आणि मग हळूच सांगायचे की पोरगी फर्स्ट क्लास आहे.

पदवीनंतर त्याच कंपनीच्या क्वालिटी विभागात मला ट्रेनी म्हणून घेतलं. आईची टोपी निळी, ठेकेदाराची. माझी पांढरी, कंपनीची. आत गेल्यावर मी तिला आई म्हणत नव्हते. सगळे म्हणायचे तसं मीही मावशी म्हणायचे. नात्यावर बोट ठेवायला कुणाला जागा नको, असं आमचं घरीच ठरलं होतं.

माझी मुदत संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचे सील घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या एक मॅडम पुण्याहून अचानक आल्या. आठ हजार नगांचा लॉट जाण्यासाठी तयार होता. मॅडम क्रेटच्या थप्पीपाशी गेल्या, वरच्या क्रेटमधून, वरच्या वर पाच सील उचलले आणि भिंग लावलं. दोन खराब निघाले. लॉट अडवून त्या गेल्या, दोन दिवसांनी परत येते म्हणाल्या.

क्वालिटीचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण घाबरले होते. त्यांनी मला बोलावून रिपोर्ट लिहायला सांगितलं, तो असा: तपासणीच्या टेबलाकडून शंभरात चाळीस खराब नग पास होतात, तरी टेबलावरच्या सगळ्या बाया बदलाव्यात. ठेकेदार बाहेर उभाच होता. त्याला नव्या बाया आणणं म्हणजे एक फोन.

शंभरात चाळीस. मला मुकादमाचं बोट आठवलं.

मी म्हणाले, "सर, पाच नगांवर चाळीस टक्के नाही लिहिता येत."

"का नाही? शितावरून भाताची परीक्षा होते. इथं तर पाच शितं पाहिली."

"भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो सर. अन् शीत काढायच्या आधी आपण तो खालून हलवतो. हा लॉट तीन मशीनवरून आलाय, वेगवेगळ्या दिवशी. वरून उचलले ते वरचेच पाच."

साहेबांनी खुर्ची मागं ढकलली. ते खवचटपणे म्हणाले, मग तुमच्या पुस्तकात किती शितं सांगितलीत तेवढी काढा.

"तीस," मी म्हणाले.

हा आकडा माझ्या तोंडून पाढा म्हणावा तसा निघाला. कॉलेजात गणित सोडवताना आधी नमुना किती ते पाहायचं. तीस किंवा वर असला की पुढं चालायचं. तीन वर्षं आम्ही तीस पाहिले की निर्धास्त व्हायचो. साहेबांनी हात झटकला. तीस तर तीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडं पाणी आलं होतं. आमच्या भागात पाणी आलं की बाकी सगळं थांबतं. आई ड्रममध्ये पाइप धरून उभी होती, मी हंडे सारत होते. मी तिला आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. वस्तीतल्या सगळ्या बाया जाणार आहेत हेही सांगितलं. तिनं पाइप या ड्रममधून त्या ड्रममध्ये घातला. मी विचारलं, पाचात दोन कसे निघाले? तुमच्या हातून इतकं सुटत नाही.

ती पाण्याकडं बघतच म्हणाली, "सुटलेले नव्हते ते. ठिवलेले होते."

हळूहळू बाहेर पडलं. खराब नगासाठी टेबलावर लाल क्रेट असतो. पण लाल क्रेटवर त्या त्या बाईच्या नावाची चिठ्ठी असायची, आणि ज्या बाईचा लाल क्रेट भरला तिला ठेकेदार उद्या येऊ नको म्हणायचा. खराब माल मशीनवर व्हायचा, नाव तपासणाऱ्या बाईचं लागायचं. उघड खराब नग बाया लाल क्रेटात टाकायच्याच. पण ज्याच्याबद्दल मनात शंका आहे, बुडबुडा आहे की धूळ आहे ते कळत नाही, तो नग त्या चांगल्या क्रेटच्या अगदी वर ठेवायच्या. पुढच्या पाळीच्या सुपरवायझरनं बघावा, हवा तर काढावा. त्यानंच एकदा तोंडी सांगितलं होतं तसं. पण तो सुपरवायझर महिनाभर सुट्टीवर होता, आणि त्याच्या जागी आलेल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. शंकेचे नग तसेच वर राहिले. मॅडमचा हात नेमका तिथं पडला.

मी म्हणाले, हेच मी साहेबांना सांगते. आईनं पाइप खाली टाकला. पाणी अंगणात पसरलं, आणि आमच्याकडं पाणी असं कुणी सांडत नाही.

"तू नाय सांगायचं. नियम मोडला म्हून आजच काढतील. कामून काढलं ते तरी कोण इचारतंय?"

मी सांगितलं नाही. मला वाटलं, त्याची गरजच पडणार नाही. क्रेटांच्या थप्पीतून, वरून खालून मधून, मी तीस नग काढले. एकेक भिंगाखाली पाहिला. एकही खराब नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन मी आईला सांगितलं, झालं, मिटलं. अप्पा म्हणाले, अंदाजाचं गणित कामाला आलं म्हणायचं. आईनं नुसतं विचारलं, ती बाई ऐकंल का? मी म्हणाले, ऐकावंच लागेल. तीस आहेत.

मॅडम आल्या त्या दिवशी बाहेर ट्रक उभा होता. माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या त्या, पण आवाज असा की मशीनसुद्धा हळू चालतं असं वाटावं. साहेबांनी मला पुढं केलं. मी आधी त्यांच्या पाचाचं सांगितलं. पाच नगांवर टक्का काढता येत नाही, आणि तेही एका जागचे. त्या शांतपणे म्हणाल्या, बरोबर आहे. तो टक्का मी काढलाच नव्हता, तुमच्या साहेबांनी काढला. मी फक्त लॉट थांबवला. मग मी माझे तीस ठेवले.

त्यांनी विचारलं, "आपला करार काय आहे?"

"शंभरात दोनपर्यंत खराब चालतात."

"मग लॉट अगदी दोनवर असला, तर तीसात किती खराब यायला पाहिजेत?"

मी मनात हिशोब केला. एकसुद्धा पुरा येत नाही. अर्ध्याहून थोडा जास्त.

"आणि समजा हा लॉट खरंच वाईट आहे, शंभरात पाच खराब. तरी तीसात एकही न सापडणं किती वेळा होईल?"

मी कॅल्क्युलेटर काढला. साधारण पाचातून एकदा. म्हणजे लॉट नाकारण्यासारखा असूनही माझे तीस पाचातून एकदा त्याला स्वच्छ ठरवणार. माझ्या मागं साहेब उभे होते, काचेपलीकडं टेबलावर आई आणि बाकीच्या बाया.

खरं सांगायचं तर तिथं मला भांडता आलं असतं. पुस्तकात तीस लिहिलंय, असं रेटून म्हणता आलं असतं, आणि साहेबांनी साथ दिली असती, कारण त्यांनाही आता ट्रक हलवायचा होता. पण जी फूटपट्टी मी त्यांच्या पाचाला लावली, तीच माझ्या तीसालाही लागत होती. पाच माझ्या विरुद्ध होते म्हणून कमी, आणि तीस माझ्या बाजूचे म्हणून पुरेसे, असं कसं चालेल. मुकादमानं तरी दुसरं काय केलं होतं? त्याला हवं होतं तेवढ्यावर तो थांबला होता.

मी म्हणाले, "तीस पुरत नाहीत. तीसचा नियम जाडी, वजन असं काही मोजून सरासरी काढायची असेल तिथला आहे, तोही नेहमी नाही. चांगला का खराब एवढंच मोजायचं असेल, अन् खराब इतके कमी असतील, तर नमुन्यात निदान दहा खराब अपेक्षित पाहिजेत. दोन टक्क्याला दहा म्हणजे पाचशे नग."

"लॉट पुरेल?"

"आठ हजारांचा आहे. पाचशे म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. चालेल."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की हिला ट्रेनी कुणी घेतलं. मॅडमनी मान हलवली. मग म्हणाल्या, मोजायच्या आधी ठरवू, नंतर नको. लॉट दोन टक्क्यांवर असेल तर पाचशेत दहाच्या आसपास खराब येतील. चार किंवा कमी येणं क्वचितच घडेल, शंभरात तीनेक वेळा. म्हणून चारपर्यंत निघाले तर लॉट दोनच्या खाली आहे असं मानून मी तो सोडीन. पाचवा निघाला तर नाही सोडणार. साहेब लगेच म्हणाले, ठीक, फक्त आधी वरच्या थरातले सगळे काढून टाकू, ते घाण झालेत. मी नाही म्हणाले. काढले तर हा लॉट दुसराच झाला. वरचे, मधले, तळाचे सगळे त्यातच राहिले पाहिजेत.

तेव्हा मॅडमनी विचारलं, "पण वरचेच खराब का होते? हे कळल्याशिवाय मी मोजायला बसणार नाही."

मला माहीत होतं. पाण्याच्या ड्रमपाशी आईनं काय बजावलं होतं ते मला आठवत होतं, आणि न बोललं तर मोजणीच होणार नाही हेही दिसत होतं. मी काचेपलीकडं पाहिलं. आईनं हातातली कडी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि दार ढकलून आत आली. ठेकेदार तिच्या मागं मागं, काय मावशी, जागेवर जा, असं म्हणत.

आई मॅडमकडं बघून बोलली. "ते आमी वर ठिवतो. शंकेचा माल. बाजारात टमाट्यावाला चांगले वर लावतो अन् सडके खाली. आमी उलटं करतो, म्हंजे बघणाराला आधी तेच दिसावं. लाल क्रेटात टाकला तर नाव लागतं, अन् नाव लागलं की काम जातं. काढायचं तर मला काढा, बाकीच्या बाया मह्यामुळं शिकल्या."

ठेकेदार साहेबांकडं बघत होता, साहेब जमिनीकडं.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझी आई आहे," मी म्हणाले. कंपनीत पहिल्यांदा.

मॅडमनी क्षणभर आम्हा दोघींकडं पाहिलं. मला म्हणाल्या, मग मोजताना मी शेजारी बसणार, प्रत्येक नग तुम्ही आणि मी दोघींनी पाहायचा. आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा."

जाता जाता आईनं मला हळूच विचारलं, आपल्या बाजूनं निघंल ना? मी म्हणाले, माहीत नाही. हे उत्तर तिला आवडलं नाही, मलाही नाही, पण तेवढंच खरं होतं.

एकेक क्रेट स्वच्छ कापडावर ओतला, हातानं ढवळला, न बघता ठरलेले नग उचलले. पहिला खराब लवकरच निघाला, चीर होती, वादच नव्हता. दुसराही तसाच. मग बराच वेळ काही नाही. बाहेर ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. तिसरा निघाला तो जेवणाच्या सुट्टीआधी. सुट्टीत कुणी जेवलं नाही.

चौथा नग शंकेचा होता. कडेशी एक ठिपका, बुडबुडा की धूळ सांगता येईना. अजून शंभराहून जास्त नग पाहायचे राहिले होते. मॅडमनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "तुम्ही सांगा."

मी तो पुसला. ठिपका राहिला. वाकवला, ताणला, दिव्यासमोर धरला. काचेपलीकडून आई बघत होती, पण तिला इतक्या लांबून ठिपका दिसणं शक्य नव्हतं. तिला फक्त माझं तोंड दिसत असणार. हा नग चांगल्यात टाकला असता तर त्या खोलीत कुणी मला अडवलं नसतं. पण शंकेचा नग लपवायचा नाही, हे मी ज्या टेबलाकडून शिकले ते टेबल समोरच होतं.

"बाद," मी म्हणाले. तो खराबमध्ये टाकला. साहेब उठून बाहेर गेले.

त्यानंतरचा प्रत्येक नग मला जड लागला. मी मनगट टेबलावर टेकवून एकेक नग दिव्याखाली धरत होते. एकदा मॅडमनीच एक नग थांबवला, भिंगाखाली दोनदा फिरवला. मग त्यांनी तो चांगल्यात ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. मी पाहिला. धूळ होती, पुसली गेली.

शेवटचं कापड रिकामं झालं. पाचवा निघाला नाही.

मॅडमनी कागद ओढला, सही केली आणि खाली एक ओळ लिहिली, की लाल क्रेटवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढाव्यात आणि शंकेच्या नगांसाठी वेगळा क्रेट ठेवावा. साहेबांना म्हणाल्या, नाव लावलं की माणूस लपवतो. तुमच्या बाया तरी वर ठेवत होत्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या की तीस विसरून जा, आधी प्रश्न काय आहे ते पाहा आणि मग किती ते ठरवा.

घरी अप्पांनी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, तुमच्या लेकीनं एक चांगला नग बाद केला. मी म्हणाले, तो खराब होता. "दिसला व्हता का तुला नीट?" "दिसला होता." ती म्हणाली, मग ठीक, आणि पिठाचा डबा उघडला.

लॉट गेला. टेबलावरची एकही बाई निघाली नाही, आई अजून तिथंच आहे आणि मी तिला आई म्हणते. लाल क्रेटवर आता नावं नसतात. कोणत्या लॉटमधून किती नग काढायचे, कसे काढायचे आणि किती निघाले तर काय म्हणता येतं, याचा मराठीत लिहिलेला तक्ता तपासणीच्या भिंतीवर लागला आहे, तो मी लिहिला. मला कायम केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि कायम नोकरीला लागलेलीही मीच पहिली.